अंतराळ कंपनीचा ताळेबंद वाचताना

अंतराळ उद्योगाचा विषय निघाला की एक आकडा हमखास तोंडावर फेकला जातो: २०३५ पर्यंत १.८ ट्रिलियन डॉलरचा उद्योग. हा आकडा वर्ल्ड इकॉनॉमिक फोरम आणि मॅकिन्झी यांच्या २०२४ च्या अहवालातला आहे. अहवाल मुळातून वाचला की मजा कळते. २०२३ साली त्यांनी मोजलेल्या ६३० अब्ज डॉलरपैकी सुमारे ३०० अब्ज हे अंतराळावर नुसते टेकलेल्या धंद्यांचे आहेत. जीपीएसवर चालणाऱ्या टॅक्सीच्या अ‍ॅपचाही वाटा त्यात धरला आहे. जीपीएसचा सिग्नल फुकट मिळतो, त्यामुळे त्या भाड्यातला छदामही उपग्रह बनवणाऱ्याकडे पोचत नाही. तेव्हा कुठल्याही कंपनीच्या सादरीकरणात हा आकडा पहिल्या पानावर दिसला तर थेट शेवटच्या पानावर जावं आणि रोकड किती उरली आहे ते बघावं.

या क्षेत्रात तंत्रज्ञान चालतं की नाही, हा प्रश्न एका उड्डाणात निकाली निघतो. ते किती दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा चालतं, आणि झिजलेलं बदलायला दरवर्षी किती पैसा ओतावा लागतो, यावर गुंतवलेला पैसा परत येतो की बुडतो ते ठरतं. बाकी चर्चा याच दोन गोष्टींभोवती फिरते.

रॉकेट : ९३ टक्के इंधन आणि उरलेल्यात सगळं

कक्षेत जाण्यात उंची हा त्यातल्या त्यात सोपा भाग. अवघड आहे तो आडवा वेग. पृथ्वीजवळच्या कक्षेत टिकायला सेकंदाला साधारण ७.८ किलोमीटर वेग लागतो. हवेचा अडथळा आणि गुरुत्वाकर्षणाशी झगडण्यात जाणारा भाग धरला तर रॉकेटला प्रत्यक्षात ९.४ किलोमीटरच्या आसपास वेगाची तजवीज करावी लागते. केरोसीन किंवा मिथेन द्रवरूप ऑक्सिजनबरोबर जाळून नोझलमधून गॅस बाहेर पडतो तो सेकंदाला साधारण ३.४ किलोमीटरने. हे दोन आकडे रॉकेटच्या समीकरणात घातले की एकाच टप्प्यात कक्षा गाठणाऱ्या रॉकेटचं ९३ टक्क्यांहून जास्त वजन इंधन आणि ऑक्सिजनचं निघतं. उरलेल्या सहा-सात टक्क्यांत टाक्या, इंजिनं, तारा, संगणक आणि ग्राहकाचा माल. म्हणून टप्पे करावे लागतात, आणि टप्पे करूनही माल फार उरत नाही. स्पेसएक्सचं फाल्कन ९ जमिनीवरून उठतं तेव्हा त्याचं वजन सुमारे ५४९ टन असतं आणि काहीही परत न आणता ते जास्तीत जास्त २२.८ टन कक्षेत नेतं, म्हणजे चार टक्के.

बूस्टर, म्हणजे पहिला टप्पा, परत आणायचा तर उतरण्यासाठी इंधन राखून ठेवावं लागतं, पाय आणि जाळीदार पंख वाहून न्यावे लागतात. त्यात मालाची क्षमता साधारण चौथ्या हिश्शाने घटते. हा सौदा परवडतो कारण पहिल्या टप्प्यावर वाढलेल्या प्रत्येक किलोची किंमत मालात पूर्ण किलोने मोजावी लागत नाही, काही अंशानेच मोजावी लागते. दुसऱ्या टप्प्याचं तसं नाही. तिथे एक किलो वाढला की एक किलो माल गेला. शिवाय पहिला टप्पा सुटतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सव्वादोन किलोमीटरच्या आसपास असतो, दुसरा टप्पा परत येणार तो ७.८ ने. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे प्रत्येक किलोमागे बारा पट उष्णता जिरवावी लागते. ‘पूर्ण पुनर्वापर’ हे शब्द कुठे वाचले तर हा बारा पटीचा हिशेब आठवावा. स्पेसएक्सच्या नव्या स्टारशिप रॉकेटच्या उष्णतारोधक टाइल्सवर इतकी वर्षं काम चालू आहे ते याचमुळे.

आता पैशांकडे. फाल्कन ९ चा बूस्टर पहिल्यांदा जमिनीवर उतरला २१ डिसेंबर २०१५ ला, आणि वापरलेला बूस्टर पुन्हा उडाला ३० मार्च २०१७ ला. स्पेसएक्सच्या इलॉन मस्कने २०२० मध्ये सांगितलेल्या आकड्यांप्रमाणे वापरलेल्या बूस्टरवरच्या एका जादा उड्डाणाचा खर्च सगळं जुळून आलं तर दीड कोटी डॉलरच्या आसपास येतो, आणि त्यातले सुमारे एक कोटी दरवेळी फेकून द्यावा लागणाऱ्या दुसऱ्या टप्प्याचे. त्यावेळी जाहीर दर होता ६.२ कोटी डॉलर. पुढे तो उतरला नाही, उलट सात कोटींकडे सरकला. पुनर्वापराने प्रक्षेपण स्वस्त झालं हे खरं, पण ते मालकासाठी. ग्राहकाला दर तेवढाच कमी होतो जेवढा पुढचा स्पर्धक करायला लावतो, आणि स्पर्धक वर्षानुवर्षं आलेच नाहीत. युरोपचं एरियन ६ आणि ब्लू ओरिजिनचं न्यू ग्लेन ही रॉकेटं २०२० मध्ये उडायची होती, युनायटेड लाँच अलायन्सचं व्हल्कन २०१९ मध्ये. व्हल्कन उडालं जानेवारी २०२४ ला, एरियन ६ जुलै २०२४ ला, न्यू ग्लेन जानेवारी २०२५ ला. दोन खंड, तीन वेगवेगळे मालक, पण उशीर सगळ्यांना चार ते पाच वर्षांचा. त्यामुळे नव्या रॉकेटच्या पहिल्या उड्डाणाची तारीख जाहीर झाली की त्यात किमान दोन वर्षं मिळवून रोकड पुरते का ते तपासायचं. पुरत नसेल तर मधल्या काळात नवे शेअर निघणार, आणि तुमचा हिस्सा पातळ होणार.

प्रक्षेपणाच्या धंद्यात खर्चाचा मोठा भाग स्थिर असतो: कारखाना, चाचणीचे स्टँड, पॅड, आणि मुख्य म्हणजे हजार-दोन हजार कुशल माणसांचे पगार. उड्डाण झालं नाही म्हणून पगार थांबत नाही. समजा एखाद्या छोट्या रॉकेट कंपनीचा स्थिर खर्च वर्षाला १५ कोटी डॉलर आहे. वर्षाला ६ उड्डाणं झाली तर प्रत्येकावर अडीच कोटी चढतात, २४ झाली तर ६२.५ लाख. ३०० किलो नेणाऱ्या रॉकेटचा दर बाजारात ७५ ते ८५ लाखांच्या पट्ट्यात असतो. म्हणजे तीच कंपनी, तेच रॉकेट, पहिल्या स्थितीत प्रत्येक उड्डाणावर पावणेदोन कोटींच्या आसपास गमावते आणि दुसऱ्या स्थितीत जेमतेम तगते, तेही धातू आणि इंधनाचा खर्च अजून धरलेला नसताना.

वरून दबाव येतो तो एकत्र प्रवासाचा. स्पेसएक्सने २०१९ मध्ये लहान उपग्रहांना सामायिक उड्डाणात २०० किलोसाठी १० लाख डॉलर आणि त्यापुढे किलोला ५,००० असा दर लावला. जानेवारी २०२१ च्या पहिल्या खास उड्डाणात एका दमात १४३ उपग्रह गेले. छोट्या रॉकेटचा दर किलोला २५,००० च्या घरात पडतो. पाचपट दर द्यायला कोण तयार होतं? ज्याला नेमकी कक्षा आणि नेमकी तारीख हवी तो: संरक्षण खातं, किंवा उपग्रहांच्या जाळ्यातली एक विशिष्ट जागा भरायची आहे असा चालक. असे ग्राहक आहेत, पण शंभर छोट्या रॉकेट कंपन्या पोसण्याइतके नाहीत. रॉकेट लॅबने हे लवकर ओळखलं. इलेक्ट्रॉन या तिच्या छोट्या रॉकेटची २०२४ मध्ये १६ उड्डाणं झाली, तरी कंपनीच्या उत्पन्नात उपग्रह आणि सुटे भाग यांचा वाटा उड्डाणांपेक्षा मोठा आहे. सिंक्लेअर इंटरप्लॅनेटरी ही उपग्रह वळवणारी चाकं, म्हणजे रिअ‍ॅक्शन व्हील बनवणारी कंपनी २०२० मध्ये आणि सोलएरो ही सौर पेशी बनवणारी २०२२ मध्ये विकत घेतली ती काही हौस म्हणून नाही.

बिघाड कुठे होतो

रॉकेट फुटल्याचा व्हिडिओ बघून शेअर विकणं सोपं आहे. त्याहून उपयोगी म्हणजे कुठला भाग गेला आणि कंपनी तो किती दिवसांत शोधते ते बघणं.

१ सप्टेंबर २०१६ ला फाल्कन ९ पॅडवर इंधन भरतानाच फुटलं. इंजिन पेटलेलंही नव्हतं. दुसऱ्या टप्प्याच्या ऑक्सिजन टाकीत हेलियमच्या बाटल्या बुडवलेल्या असतात, टाकीतला दाब राखण्यासाठी. बाटली आतून अ‍ॅल्युमिनियमची आणि वरून कार्बन तंतूंचं वेष्टण. अ‍ॅल्युमिनियमच्या अस्तराला बारीक फुगवटे आले, अस्तर आणि वेष्टण यांच्या फटीत अतिथंड ऑक्सिजन शिरला, हेलियम भरताना तो इतका गार झाला की गोठू शकत होता, आणि अडकलेल्या ऑक्सिजनवर तंतू घासले गेले. शुद्ध ऑक्सिजनमध्ये कार्बनला पेटायला तेवढं पुरतं. तात्पुरता उपाय निघाला तो हेलियम कमी गार भरण्याचा आणि भरण्याचा क्रम बदलण्याचा, पुढे बाटलीचीच रचना बदलली.

व्हर्जिन ऑर्बिट या छोट्या रॉकेट कंपनीचं जानेवारी २०२३ चं उड्डाण गेलं ते दुसऱ्या टप्प्याच्या इंधननळीतला एक फिल्टर जागेवरून सुटल्याने. पंपाला इंधन नीट मिळेना, इंजिन प्रमाणाबाहेर तापलं, आजूबाजूचे भाग भाजले, आणि इंजिन बंद पडलं. कंपनीच्या प्रमुखांनी त्या फिल्टरची किंमत शंभरेक डॉलर सांगितली होती. एप्रिलमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पण कंपनी फिल्टरने बुडाली असं म्हणणं चुकीचं. डिसेंबर २०२१ मध्ये स्पॅकमार्गे, म्हणजे आधीच बाजारात नोंदलेल्या रिकाम्या कंपनीत विलीन होऊन, बाजारात येताना तिला ४८ कोटी डॉलरची अपेक्षा होती, हाती आले २३ कोटींहून कमी, आणि २०२२ या अख्ख्या वर्षात तिने केलेली उड्डाणं दोन. वरच्या १५ कोटींच्या हिशेबात दोन घालून बघा.

आता दोन अपघात शेजारी ठेवू. जुलै २०२४ मध्ये फाल्कन ९ चा दुसरा टप्पा निकामी झाला. दाब मोजणाऱ्या एका बारीक नळीला तडा गेला होता, कारण ती धरून ठेवणारा क्लॅम्प सैल होऊन नळी थरथरत राहिली. ऑक्सिजन गळला, इंजिनाचे भाग नको इतके गारठले, पुन्हा पेटवताना इंजिनाने दगा दिला आणि २० उपग्रह गेले. पंधरा-सोळा दिवसांत रॉकेट पुन्हा उडालं. डिसेंबर २०२२ मध्ये युरोपच्या व्हेगा सी रॉकेटचा घन इंधनावरचा दुसरा टप्पा गेला, नोझलच्या गळ्यातला कार्बनचा भाग झिजून. नवा पदार्थ निवडला, २०२३ च्या जमिनीवरच्या चाचणीत पुन्हा नोझलला इजा झाली, रचना बदलावी लागली, आणि उड्डाण झालं ते डिसेंबर २०२४ ला. फरक हुशारीचा नाही. फाल्कनच्या मागे त्याच भागाच्या शेकडो उड्डाणांची मोजमापं होती, त्यामुळे वेगळं काय घडलं ते लगेच दिसलं. घन इंधनाच्या मोटारीला तर उड्डाणापूर्वी तीच मोटार पेटवून बघायची सोयच नसते. एकदा पेटवली की संपली. म्हणून दोन अपघातांनंतर शेअर सारखाच पडला असला तरी दोघांची किंमत सारखी नसते.

उपग्रह : पाच वर्षांत भंगार

माझ्या मते या क्षेत्रातली सगळ्यात मोठी फसगत इथे होते.

५५० किलोमीटरवरचा उपग्रह साधारण ९५ मिनिटांत पृथ्वीची एक फेरी मारतो. त्यातली सुमारे ३५ मिनिटं तो सावलीत असतो, म्हणजे दर फेरीत बॅटरी एकदा उतरते आणि एकदा चढते. दिवसाला पंधरा वेळा, वर्षाला साडेपाच हजार, पाच वर्षांत सत्तावीस हजार. तुमच्या फोनची लिथियम बॅटरी आठशे-हजार वेळांत दमते. अंतराळात ती टिकते कारण तिला पूर्ण उतरूच देत नाहीत. क्षमतेच्या वीस-तीस टक्के वापरायची आणि बाकी वजन नुसतं वाहायचं. कमी वजनात जास्त शक्ती असं कोणी सांगू लागलं की हा टक्का विचारावा. दमणारे भाग ठरलेले: बॅटरी, रिअ‍ॅक्शन व्हीलची बेअरिंगं, थ्रस्टरचं इंधन. वर हवेचा विरळ थरही उपग्रहाला सतत खाली ओढत असतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पेसएक्सच्या स्टारलिंक या इंटरनेट-जाळ्याचे ४९ उपग्रह सुरुवातीच्या २१० किलोमीटरच्या कक्षेत सोडल्यावर सौर वादळाने वातावरण फुगलं, ओढ निम्म्याने वाढली आणि ४० पर्यंत उपग्रह जळून गेले.

तेव्हा खालच्या कक्षेतलं जाळं एकदा उभारून भागत नाही, ते कायम उभारत राहावं लागतं. एक काल्पनिक हिशेब करू. ४,००० उपग्रह, आयुष्य ५ वर्षं, म्हणजे वर्षाला ८०० बदलायचे. एकाची किंमत १० लाख डॉलर धरली तर ८० कोटी. एका रॉकेटमध्ये २० जातात, म्हणजे ४० उड्डाणं. रॉकेट घरचं असेल आणि उड्डाण २ कोटीत पडत असेल तर आणखी ८० कोटी. एकूण १६० कोटी डॉलर दरवर्षी. महिन्याला ८० डॉलर देणारा ग्राहक वर्षाला ९६० देतो. म्हणजे जाळं नुसतं जागेवर ठेवायला जवळपास १७ लाख ग्राहक लागतात. पगार, जमिनीवरची स्टेशनं, डिशवरची सबसिडी, व्याज अजून बाहेरच. आता रॉकेट दुसऱ्याचं घ्या, ७ कोटीला. उड्डाणांचे २८० कोटी, एकूण ३६०, आणि ग्राहक लागतात साडेसदतीस लाख. स्टारलिंकला प्रतिस्पर्धी का मिळत नाही याचं उत्तर बहुतेक याच दोन आकड्यांच्या फरकात आहे. २०२४ मध्ये फाल्कनची १३४ उड्डाणं झाली आणि त्यातली दोन तृतीयांश स्वतःच्याच उपग्रहांसाठी होती. याउलट अ‍ॅमेझॉनने एप्रिल २०२२ मध्ये ८३ पर्यंत उड्डाणं आरक्षित केली ती एरियन ६, व्हल्कन आणि न्यू ग्लेनवर, जेव्हा या तिघांपैकी एकही रॉकेट उडालेलं नव्हतं. ३,२३६ उपग्रहांपैकी निम्मे जुलै २०२६ पर्यंत वर असावेत ही अमेरिकी दूरसंचार आयोगाची अट डोक्यावर होती ती वेगळीच.

आणि इथे लेखापालांची करामत सुरू होते. अशा कंपन्या एबिटडा हा आकडा पुढे करतात, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्यापूर्वीचा नफा. सिमेंटच्या कारखान्यात घसारा बराचसा कागदोपत्री असतो, यंत्र पंचवीस वर्षं चालतं. उपग्रहांच्या जाळ्यात घसारा म्हणजे वरचे १६० कोटी, रोख, दरवर्षी. तो वगळून दाखवलेला नफा हा नफाच नव्हे. रोकड प्रवाहाच्या तक्त्यात भांडवली खर्चाची ओळ शोधा आणि ती एबिटडातून स्वतः वजा करा. बऱ्याचदा काहीच उरत नाही.

जाळ्याची दुसरी अडचण भूगोलाची. पृथ्वीचा सत्तर टक्के भाग समुद्र. उपग्रह थांबत नाही, त्यामुळे त्याचं बहुतेक आयुष्य ग्राहक नसलेल्या भागावरून फिरण्यात जातं, आणि दाट वस्तीवर आला की एका बीमची क्षमता हजारोंमध्ये वाटावी लागते. म्हणून ‘एकूण क्षमता इतके टेराबिट’ या आकड्यापेक्षा विकता येण्याजोगी क्षमता किती, हे विचारायला हवं. विमानं आणि जहाजं हे ग्राहक एवढे आवडते का आहेत तेही यावरून कळेल.

इतिहास सांगतो की पहिल्या मालकाने जाळं उभारायचं आणि दुसऱ्याने कमवायचं. सॅटेलाइट फोनच्या इरिडियमने ६६ उपग्रहांच्या जाळ्यावर ५ अब्ज डॉलरच्या आसपास घातले, ऑगस्ट १९९९ मध्ये दिवाळं निघालं, आणि पुढच्या वर्षाअखेर सगळी मालमत्ता अडीच कोटी डॉलरला गेली. नव्या मालकांच्या डोक्यावर जुनं कर्ज नव्हतं, त्यामुळे तीच सेवा चालली. पुढे साधारण ३ अब्ज खर्चून २०१७ ते २०१९ मध्ये नवे उपग्रह सोडले, भांडवली खर्च आटला आणि मग लाभांश सुरू झाला. उपग्रह इंटरनेटची वनवेब मार्च २०२० मध्ये बुडाली, ब्रिटिश सरकार आणि भारती यांनी ५०-५० कोटी डॉलर घालून उचलली. अशा कंपनीत घुसण्याची वेळ कधी? बहुतेक वेळा उभारणीचा खर्च संपल्यावर किंवा कर्ज पुसलं गेल्यावर.

भूस्थिर कक्षेतले मोठे उपग्रह पंधरा वर्षं जगतात, म्हणून हिशेब सोपा, पण सगळी अंडी एकाच टोपलीत. व्हायासॅट-३ मालिकेतला पहिला उपग्रह २०२३ मध्ये वर गेला आणि त्याचा मोठा परावर्तक नीट उघडलाच नाही. क्षमता दहा टक्क्यांहूनही खाली आली. विम्याचा दावा होता ४२.१ कोटी डॉलरचा. अशा एक-दोन वर्षांनंतर विम्याचे दर सगळ्यांसाठीच चढतात, त्यात ज्याचा काही दोष नाही तोही भरडला जातो.

स्पेक्ट्रमबद्दल, म्हणजे रेडिओ लहरी वापरण्याच्या परवान्याबद्दल, थोडक्यात: उपग्रह झिजतो, परवाना झिजत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये इकोस्टारने आपलं काही स्पेक्ट्रम स्पेसएक्सला १७ अब्ज डॉलरला द्यायचा करार केला, आणि साध्या फोनला थेट उपग्रहाशी जोडण्याच्या शर्यतीत खरी टंचाई कशाची आहे ते उघड झालं. परवान्याला मुदतीही असतात. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे सात वर्षांत सेवा सुरू करायची, त्यानंतर दोन वर्षांत १० टक्के, पाचात ५० आणि सातात सगळं जाळं. कंपनीच्या अहवालात या तारखा जोखमींच्या यादीत, अगदी खाली, बारीक अक्षरांत असतात.

छायाचित्रं, कारखाने आणि अंतराळातली डेटा सेंटरं

पृथ्वीची छायाचित्रं विकणाऱ्यांचा सगळ्यात मोठा ग्राहक सरकार आहे, विशेषतः लष्कर आणि गुप्तचर खाती. शेतकरी, विमा कंपन्या, माल साठवणारे व्यापारी हे ‘लवकरच’ येणारे ग्राहक गेली दहा वर्षं लवकरच येत आहेत. त्यांना छायाचित्र नको असतं, पीक किती येईल याचं उत्तर हवं असतं, आणि ते उत्तर देणारा मधला माणूस छायाचित्रं युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांकडून फुकट उचलतो. सरकारी कराराच्या मथळ्यातही खोच असते. अमेरिकेच्या नॅशनल रिकॉनिसन्स ऑफिसने मे २०२२ मध्ये ब्लॅकस्कायला दिलेला करार ‘दहा वर्षांत १ अब्ज डॉलरपर्यंत’ असा होता. त्यातला ‘पर्यंत’ महत्त्वाचा. तो कमाल आकडा, पक्की बांधिलकी त्याच्या छोट्या भागाची असते आणि बाकीची वर्षं सरकारच्या मर्जीवर. ऑर्डरबुक बघताना निधी मंजूर झालेला भाग आणि मर्जीवरचा भाग वेगळा काढावा.

कक्षेत औषधं बनवण्याची कल्पना मला इतरांपेक्षा जास्त पटते, कारण माल हलका आणि महाग. वार्डाच्या पहिल्या कॅप्सूलने जून २०२३ मध्ये जाऊन रिटोनाविरचे स्फटिक बनवले. अडलं कुठे, तर परत उतरण्याच्या परवान्यावर. कॅप्सूल कक्षेत फिरत राहिली आणि युटाच्या वाळवंटात उतरली ती फेब्रुवारी २०२४ ला.

डेटा सेंटरांचं मात्र एक गणित केल्याशिवाय पैसे लावू नयेत. अंतराळ थंड असतं म्हणून संगणक आपोआप थंड राहतील, हा समज पूर्ण चुकीचा. निर्वातात हवा नाही, उष्णता फक्त प्रारणाने बाहेर जाते. ६० अंशांवरचा चांगला रेडिएटर एका बाजूने चौरस मीटरला सव्वासहाशे वॅट टाकतो. म्हणजे १ मेगावॅटला दोन्ही बाजू वापरून ८०० चौरस मीटर. तापमान २० अंशांवर ठेवायचं ठरवलं तर तेराशेच्या वर, आणि सूर्य व पृथ्वीकडून येणारी उष्णता यात धरलेलीच नाही. वीज पुरवायला तीस टक्के कार्यक्षमतेच्या सौर पेशी अडीच हजार चौरस मीटर. जमिनीवरचं एक मध्यम डेटा सेंटर पन्नास-शंभर मेगावॅटचं असतं, आणि त्यातल्या चिप चार-पाच वर्षांत जुन्या होतात. अशक्य काहीच नाही, पण सादरीकरणात रेडिएटरचं क्षेत्रफळ आणि प्रति चौरस मीटर वजन दिलेलं नसेल तर पुढे वाचायची गरज नाही.

पैसा कुठल्या वाटेने

२०२१ च्या स्पॅक लाटेत अंतराळ कंपन्यांनी पाच वर्षांनंतरच्या उत्पन्नाच्या स्वप्नांवर किंमत लावून घेतली. अ‍ॅस्ट्रा या छोट्या रॉकेट कंपनीचं मूल्य २.१ अब्ज डॉलर ठरलं होतं. २०२३ मध्ये कंपनीने पंधरा शेअरचा एक केला आणि जुलै २०२४ मध्ये संस्थापकांनी उरलेले शेअर ५० सेंटला उचलून कंपनी खाजगी केली. मूळच्या हिशेबाने साडेतीन सेंटही नाहीत. उपग्रह बनवणाऱ्या टेरन ऑर्बिटलला लॉकहीड मार्टिनने त्याच वर्षी २५ सेंट दराने विकत घेतलं. लक्षात घ्या, कारखाना, माणसं आणि करार टिकले. शेअरधारक टिकले नाहीत.

त्यामुळे तिमाही अहवालात मी आधी दोन ओळी बघेन. तिमाहीला रोकड किती जळते आणि हातात किती आहे, भागिले करून महिने काढायचे. बारा महिन्यांहून कमी असतील तर नवे शेअर किंवा परिवर्तनीय कर्जरोखे ठरलेलेच. मग दोन वर्षांपूर्वीची शेअरसंख्या आणि आजची. उत्पन्न दुप्पट झालं आणि शेअरही दुप्पट झाले तर तुमच्या वाट्याला शून्य आलं. त्यानंतर ग्राहकांची टीप: एकाच ग्राहकाकडून निम्म्याहून जास्त उत्पन्न असेल तर तुम्ही त्या ग्राहकाच्या अर्थसंकल्पात गुंतवणूक करताय.

सुटे भाग बनवणारे मला जास्त बरे वाटतात: सौर पेशी, स्टार ट्रॅकर, लेझर दुवे, व्हॉल्व्ह. कोणाचंही जाळं जिंको, माल यांचाच लागतो, आणि उड्डाणाचा वारसा असलेला, म्हणजे आधी अंतराळात चाललेला भाग बदलायला कुठलाही अभियंता सहजी तयार होत नाही. धोका एवढाच की मोठा ग्राहक एक दिवस तो भाग घरातच बनवू लागतो.

थीमवर चालणारे ईटीएफ, म्हणजे शेअरबाजारात विकले जाणारे फंड, घेताना यादी उघडून बघा. मार्च २०२१ मध्ये आलेल्या एआरकेएक्स या अंतराळ-ईटीएफच्या सुरुवातीच्या यादीत ट्रॅक्टर बनवणारी डीअर होती आणि नेटफ्लिक्सही होती.

खाजगी कंपन्यांचे शेअर एसपीव्हीमार्फत, म्हणजे फक्त ते शेअर धरण्यासाठी काढलेल्या कंपनीमार्फत मिळतात, तिथे विचारायच्या गोष्टी ठरलेल्या. एसपीव्हीकडे शेअर स्वतः आहेत की दुसऱ्या एसपीव्हीचे युनिट आहेत, म्हणजे फी किती थरांवर कापली जाते. कंपनीच्या नोंदवहीत नाव कोणाचं आहे. हस्तांतरणाला कंपनीची संमती घेतली आहे का, कारण अनेक कंपन्या ती नाकारू शकतात आणि मग तुमच्या हातात फक्त एक करारपत्र राहतं. प्रवेश फी, वार्षिक फी आणि नफ्यातला हिस्सा हे तिन्ही वजा केल्यावर शेअर प्रत्यक्षात कुठल्या मूल्यांकनाला पडतो ते कागदावर मांडा, आणि आकडा ताज्या जाहीर मूल्यांकनापेक्षा पंचवीस-तीस टक्के वर निघाला तर विकणाऱ्याला तो का, हे लेखी विचारा.